मावशींना ‘क’ दिसला ती रात्र

परवा साक्षरता वर्गांबद्दलच्या एका बैठकीत एकजण म्हणाले, “आता अ‍ॅप आहे, व्हिडिओ आहेत, घरोघरी मोबाईल आहे. वर्ग भरवायची गरजच काय? ज्याला शिकायचंय तो घरी बसून शिकेल.” बैठकीची वेळ संपत आली होती, म्हणून मी काही बोलले नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून इथे लिहितेय, जरा मोठं होईल.

मी ३१ वर्षं बँकेत होते, त्यातली बरीचशी काउंटरवर. शाईचं पॅड पुढे सरकवलं की समोरच्या माणसाची नजर कशी खाली जाते, ते मी रोज पाहिलंय. अंगठा उठवायचा, मग तो शाईचा अंगठा लुगड्याला नाहीतर धोतराला पुसायचा आणि मागे न बघता निघायचं. निवृत्त झाल्यावर गावी आले आणि ‘उल्लास’ या सरकारी साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. १५ वर्षांपुढच्या, शाळेची पायरी न चढलेल्या माणसांना लिहाय-वाचायला शिकवायचं, बिनमोबदला. आमचा वर्ग समाजमंदिरात भरतो. रात्री ८ ला, म्हणजे भाकऱ्या उरकून बायका येतील तेव्हा.

पहिल्या आठवड्यातच कळलं की प्रौढ माणूस शिकायला येतो तो कोऱ्या पाटीसारखा येत नाही. तो लाज घेऊन येतो. एक मावशी वही मेथीच्या पिशवीत तळाला घालून आणायच्या. वाटेत कुणी विचारलं तर “भाजी द्यायला चाललेय” म्हणायच्या. वय ६२. मेथीच्या जुड्यांचा हिशोब तोंडी इतका चोख, की माझ्यासारखी बँकेतली बाई मागे पडावी. पण अक्षर काही बसेना. तीन आठवडे झाले, ‘क’ आणि ‘फ’ एकच. ‘घ’ आणि ‘ध’ एकच. वर्गातल्या दुसऱ्या बायकाही म्हणायला लागल्या, “त्यांचं डोकं नाही चालायचं आता.” खरं सांगायचं तर मीही तेच धरून चालले होते. मावशी स्वतःच म्हणायच्या, “बाई, म्हातारपणी कशाला माझ्यामागं वेळ घालवता?”

एका रात्री फळ्यापाशी उभं राहायचा कंटाळा आला, म्हणून मी सतरंजीवर त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले. तेव्हा दिसलं. पुस्तक त्यांनी हात पूर्ण लांब करून धरलं होतं, मान मागे, डोळे बारीक. मी माझा वाचायचा चष्मा काढून त्यांच्या नाकावर ठेवला. त्या दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. मग पानावर बोट ठेवून म्हणाल्या, “ह्याला शेपूट हाय की! ह्यो ‘क’ हाय!” आणि ओळीतले सगळे ‘क’ एकामागून एक दाखवत सुटल्या. पुढच्या आठवडी बाजारात त्यांच्यासाठी चष्मा घेतला. महिन्याभरात त्या एसटीची पाटी वाचायला लागल्या.

तीन आठवडे ती बाई स्वतःला मठ्ठ समजत होती, आणि अडलं होतं चष्म्यापाशी. अ‍ॅपवर त्यांचं उत्तर तीन आठवडे चूकच आलं असतं आणि अ‍ॅपने तोच धडा पुन्हा दाखवला असता. चौथ्या आठवड्यात त्यांनी मोबाईल नातवाकडे दिला असता. संपलं.

मी अ‍ॅपच्या विरोधात नाही. वर्गातल्या पोरी तेच व्हिडिओ घरी बघून येतात, फायदा होतो. पण लांब धरलेला हात बघायला शेजारी कुणीतरी बसलेलं लागतं.

आणि हजेरी! लहान मूल शाळेत नाही आलं तर आई पाठवते. प्रौढाला पाठवणारं कोण? त्याला न येण्याची शंभर कारणं असतात आणि सगळी खरी असतात: भांगलण, पाहुणे, सुनेचं बाळंतपण, पाठ धरलेली. दोन दिवस खंड पडला की तिसऱ्या दिवशी तोंड दाखवायची लाज वाटते आणि माणूस कायमचा सुटतो. म्हणून आम्ही ठरवलं, दोन दिवस कुणी दिसलं नाही की तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात जायचं. अभ्यासाचं काढायचंच नाही. चहा घ्यायचा, म्हशीची चौकशी करायची, उठताना म्हणायचं, “काल तुमची जागा रिकामी होती.” एवढ्यावर माणूस परत येतो.

ही काही माझी नवी अक्कल नव्हे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, ती त्या माणसांच्या दिवसाचा विचार करूनच. आमच्या सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तीही गावातल्याच शिकलेल्या माणसांच्या जिवावर. मोहीम पुढे राज्यभर गेली. पण गाव साक्षर झाल्याचे सोहळे झाल्यावर ज्या गावांत पुन्हा कुणी फिरकलं नाही, तिथली अक्षरं हळूहळू पुसली गेली. शिकलेलं विसरायला प्रौढाला फार दिवस लागत नाहीत, वापर नसेल तर.

ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची ती कल्पना. गुलाबी नऊवारीचा गणवेश, पाठीला दप्तर. फोटो बघून लोक कौतुकाने हसतात, पण मला त्या गणवेशात फार मोठी समज दिसते. सगळ्या एका रंगात, एकाच वेळी गल्लीतून निघाल्या की वही लपवायची कुणाला गरज उरत नाही. तिथं शिकवायला गावातलीच सून होती आणि शिकणाऱ्यांत तिची सासू. हे नातं बाहेरून कुठून आणणार?

आमच्या वर्गात एक अण्णा आहेत. त्यांना बाकी काही नको होतं, फक्त सातबारा वाचायचा होता. सहा महिन्यांनी एका रात्री उतारा घेऊन आले आणि स्वतःच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, “बाई, हितं एक काना जास्तीचा पडलाय का?” पडला होता. वर्षानुवर्षं तो कागद ट्रंकेत होता आणि आधारवरच्या नावाशी जुळत नव्हता, पण कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत तलाठी कार्यालयात गेले, पण अर्जावर सही त्यांनी केली. त्या सहीला पुरती दोन मिनिटं लागली. मागे रांग होती, कुणी घाई केली नाही.

म्हणून अधिकाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: किती नोंदणी झाली, किती परीक्षेला बसले, हे जरूर मोजा. १५० गुणांची ती परीक्षा आमच्या लोकांना फार मोलाची वाटते. प्रमाणपत्र देवघरात लावलेलं मी पाहिलंय. पण परीक्षेनंतर वर्ग बंद करू नका. आणि स्वयंसेवकाला निदान खडू, वह्या आणि येण्या-जाण्याचा खर्च द्या.

आमचा वर्ग परीक्षेनंतरही सोमवारी आणि गुरुवारी भरतो. खिडकीत आम्ही चपलेचं एक रिकामं खोकं ठेवलंय, त्यात वाचायचे चष्मे असतात. ज्याला जो लागतो तो त्याने घालायचा, जाताना परत ठेवायचा. सध्या खोक्यात ५ चष्मे आहेत आणि माणसं ११. तुमच्या घरी नंबर बदलल्यामुळे पडून असलेले जवळचे चष्मे असतील तर मला मेसेज करा, मी येऊन घेऊन जाईन. दीड आणि दोन नंबरचे जास्त लागतात. दांडी मोडकी असली तरी चालेल, दोरा बांधून वापरू.