शिरीष पटेल आणि मावशीची खिडकी

माझी मावशी सकाळी अकरा वाजता ट्यूबलाइट लावून तांदूळ निवडते. परळची तिची उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी चाळ पुनर्विकासाला गेली आणि ती बाराव्या मजल्यावर आली. लिफ्ट, मालकीची जागा, घरातला संडास. जन्मभर रांगेत डबा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला याचं मोल किती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर बिल्डरने विकायला बांधलेल्या टॉवरचं पार्किंग. चाळीत निदान गॅलरी होती, उन्हात कुरडया वाळायच्या.

तिथून परतताना मला स्थापत्य अभियंते आणि नगरनियोजक शिरीष पटेल आठवतात. डिसेंबर 2024 मध्ये ते गेले. केम्प्स कॉर्नरचा 1965 चा उड्डाणपूल, मुंबईतला पहिला, त्यांनी उभारला. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहतांसोबत नवी मुंबईची कल्पना मांडली ती त्याच सुमारास. 1970 मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत नियोजनाची जबाबदारी त्यांच्यावर होती. नुसती घरं बांधून माणसं खाडीपलीकडे जाणार नाहीत, कचेऱ्या आणि बाजारही तिकडे न्या, हा त्या आराखड्याचा गाभा. मंत्रालय काही हललं नाही, नरिमन पॉइंट भरत गेला, आणि लोकल वाशीला पोहोचायला 1992 उजाडलं.

पुढे ब्रिटिशकाळातल्या सरकारी बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातल्या दाटीविरुद्ध ते हायकोर्टात गेले, तेव्हा मला त्यांचा प्रचंड राग आला होता. 160 चौरस फुटांत पिढ्या काढलेल्यांना 500 फुटांचं घर मिळतंय, त्यात हे कशाला आडवे येतात?

आता त्यांचं म्हणणं कळतं. नुसत्या एफएसआयवरून, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम होणार त्यावरून, माणसं किती राहणार ते समजत नाही. चाळीस हजार फूट बांधकामात हजार फुटांचे चाळीस फ्लॅट बसतात, चारशे फुटांचे शंभर. बाहेरचा रस्ता, शाळा, मैदान मात्र तेवढंच. माणशी मोकळी जमीन किती उरते ते मोजा, असं ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले. घर मिळू नये असं त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं.

तुमच्या चाळीची सभा असेल तर कार्पेट एरिया विचारून झाल्यावर, दोन इमारतींमध्ये किती मीटर जागा सुटणार तेही विचारा. आर्किटेक्टला नकाशावर बोट ठेवून दाखवायला लावा. मावशीच्या सभेला मी हजर होतो. आम्ही सगळ्यांनी फक्त कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारा निधी किती, एवढंच विचारलं.