म्हणे, तो शब्द सीआयएनेच काढला!

सरकारी पाळतीचा विषय निघाला की कुणीतरी हा संदेश पुढे ढकलतोच: ‘कॉन्स्पिरसी थिअरिस्ट (म्हणजे जिथे तिथे कट शोधणारा) हा शब्द सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेने १९६७ साली मुद्दाम तयार केला. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या खुनाबद्दल प्रश्न विचारणाऱ्यांना वेड्यात काढायला. म्हणून ज्याला हे लेबल लागतं, तो खरं बोलत असतो.’

सरकारने आपले फोन खुशाल ऐकावेत, असं मानणाऱ्यांतला मी नाही. म्हणूनच हा संदेश मला जास्त खटकतो.

आधी शब्दाची जन्मतारीख पाहू. न्यूयॉर्क टाइम्सच्या १८६३ मधल्या एका वाचकपत्रात ‘कॉन्स्पिरसी थिअरी’ ही जोडी सापडते. विषय अमेरिकी यादवी आणि इंग्लंडचे हेतू. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा मारेकरी एकटा की मागे कट, या चर्चेत वर्तमानपत्रांनी ती वापरली. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी तर समाजातल्या प्रत्येक वाईट गोष्टीमागे कट शोधण्याच्या खोडीला हेच नाव देऊन तिच्यावर टीका केली, तीही १९६७ च्या बरीच आधी. सीआयएची स्थापनाच १९४७ ची. म्हणजे हा शब्द सीआयएच्या बारशाला जेवलेला आहे.

आता या संदेशाला ज्याचा आधार दिला जातो, त्या सीआयएच्या कागदाकडे येऊ. इथे संदेशात अर्धं सत्य आहे, कारण कागद खरा आहे. क्रमांक १०३५-९६०, तारीख १ एप्रिल १९६७. अमेरिकेच्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली न्यूयॉर्क टाइम्सने मागणी केल्यावर तो १९७६ मध्ये बाहेर आला. ओस्वाल्ड नावाच्या माणसाने एकट्यानेच केनेडींचा खून केला, हा सरकारी चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाचा निष्कर्ष लोकांच्या गळी उतरत नव्हता. ४६ टक्के अमेरिकनांना तो पटत नसल्याचा एका पाहणीचा आकडा याच कागदात आहे. मग सीआयएच्या निवडक केंद्रांच्या प्रमुखांना सूचना गेल्या. ओळखीतले राजकारणी आणि संपादक गाठा. आपल्या हातातल्या माणसांकरवी पुस्तक परीक्षणं आणि लेख येऊ द्या. आयोगाचे टीकाकार पैशासाठी किंवा राजकारणासाठी लिहितात, पुरावा येण्याआधीच स्वतःच्या कल्पनेच्या प्रेमात पडलेत, असं दाखवा. जिथे चर्चा नाही तिथे मात्र विषय उकरून काढू नका. वर शेरा: गरज संपल्यावर नष्ट करा.

लाज वाटावी असाच कागद आहे. पण वादग्रस्त शब्द त्यात जाता जाता येतो. वाचणाऱ्याला तो ठाऊक आहे हे गृहीत धरलंय. ‘टीकाकारांना या नावाने हिणवा’ अशी सूचना कुठेही नाही. एका गुप्तहेर संस्थेने वर्तमानपत्रांत आपली मतं पेरायचं ठरवलं, हा खरा गुन्हा. तो सोडून संदेशवाले शब्दकोशाची खोटी तक्रार घेऊन बसलेत. चोर दिवाणखान्यात आणि आपण परसात काठी घेऊन!

जाता जाता, आपल्याकडचा इतिहास याच्या नेमका उलटा आहे. इथे ऊठसूट कट दिसायचा तो सरकारलाच. १९०९ मध्ये कलेक्टर जॅक्सनचा खून झाल्यावरचा नाशिक कट खटला घ्या किंवा १९२९ चा मेरठ कट खटला. १९१३ मध्ये तर नुसत्या कटासाठी १२०-ब हे कलमच दंडसंहितेत घातलं गेलं. इंग्रजांच्या राज्यात कट सिद्ध करायची हौस सरकारी वकिलांना होती.

राहिला ‘लेबल लागलं म्हणजे खरं’ हा निष्कर्ष. माणूस चंद्रावर उतरलाच नाही म्हणणाऱ्यालाही तेच लेबल लागतं, एवढं पुरे. ज्यांचं खरं ठरलं, त्यांचं कसं ठरलं, ते पाहण्यासारखं आहे. त्याच १९६७ च्या ऑगस्टमध्ये सीआयएने ‘केऑस’ नावाची मोहीम सुरू केली आणि कायद्याने मनाई असताना घरच्याच व्हिएतनाम युद्धविरोधकांवर नजर ठेवली. १९७४ च्या डिसेंबरात पत्रकार सेमूर हर्श यांनी ती छापून फोडली. पुढच्या चौकशीत संगणकात सुमारे ३ लाख नावांची सूची निघाली. गुप्तहेर संस्थांची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या चर्च समितीला कळलं की न्यूयॉर्कमध्ये सीआयएने वर्षानुवर्षं लोकांची टपालं उघडली, २ लाखांहून जास्त. २००६ मध्ये मार्क क्लाइन या एटीअँडटी टेलिफोन कंपनीच्या निवृत्त तंत्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोमधल्या ६४१-ए या पाळतीच्या गुप्त खोलीची माहिती दिली, ती केबलच्या जोडणीच्या कागदांसह. यांतल्या कुणाचंही काम ‘डाल में कुछ काला है’ म्हणून भागलं नव्हतं.

आणि ८ मार्च १९७१ ची रात्र. पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावात काही साध्या नागरिकांनी एफबीआय या अमेरिकी केंद्रीय तपास यंत्रणेचं कार्यालय फोडून फायली पळवल्या आणि वर्तमानपत्रांना पाठवल्या. त्यांतल्या एका टिपणात अधिकाऱ्यांना सांगितलं होतं: सरकारविरोधी मंडळींच्या मुलाखती वाढवा, त्यांचा मुळातला संशय आणखी भडकेल आणि प्रत्येक टपालपेटीआड आपला माणूस उभा आहे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसेल.