पाणी भगवंतांनी ओतलं

जय भीम, नमो बुद्धाय.

वर्षावासात, म्हणजे भिक्खू एका जागी राहतात त्या पावसाळ्याच्या महिन्यांत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चं वाचन चालतं. 'महाकारुणिको नाथो' ही पाली गाथा तर माझ्या पोरांनाही तोंडपाठ आहे. पण करुणा म्हणजे काय विचारलं, तर बहुतेक जण 'दया' म्हणून मोकळे होतात. मीही व्हायचो, बाबांना लकवा मारेपर्यंत.

सात महिने बाबा खाटेवर होते. भेटायला खूप लोक आले. सफरचंदं आणली, 'फार वाईट वाटलं' म्हणाले, चहा घेऊन गेले. त्यांना कशाला नावं ठेवू? बाबांचं अंथरूण खराब झालं की मी सख्खा मुलगा नाकाला रुमाल लावून दारात उभा राहायचो. डोळे भरून यायचे, खोटं नाही सांगत. बादली मात्र आत्या आणायची.

भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ म्हणजे विनयपिटक. त्याच्या महावग्ग या भागात एका आजारी भिक्खूची गोष्ट आहे. अतिसाराने तो स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. भगवंत बुद्ध आपले शिष्य आनंद यांच्यासोबत फिरत तिथे आले. तुझी सेवा करणारं कोणी नाही का, असं त्यांनी विचारलं. नाही. का नाही? भिक्खू म्हणाला, माझा इतर भिक्खूंना काही उपयोग नाही, म्हणून ते माझं करत नाहीत.

या उत्तरापाशी मी दरवेळी अडकतो. ज्याचा आता काही उपयोग उरला नाही, असा माणूस आपल्यापैकी कितीतरी घरांत आतल्या खोलीत आहे.

भगवंतांनी तिथे प्रवचन दिलं नाही. आनंदांकडून पाणी मागवलं. भगवंतांनी ओतलं, आनंदांनी अंग धुतलं. मग एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला खाटेवर निजवलं. 'ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने रुग्णाची करावी' हे प्रसिद्ध वचन त्यानंतरचं. त्याच्याही पुढचा भाग आपण वाचत नाही. भिक्खू आजारी पडला तर त्याच्या उपाध्यायाने बघायचं, आचार्याने बघायचं, शिष्याने बघायचं, कोणीच नसेल तर संघाने. नाही बघितलं तर दुक्कट, म्हणजे दोष लागणार. मला हे फार पटतं. कोणाच्या मनाला कधी पाझर फुटेल याची वाट बघत न बसता सरळ पाळी लावून दिली. मलमूत्र, ओकारी, थुंकी उचलताना ज्याला किळस येत नाही तो चांगला शुश्रूषक, असंही तिथे स्पष्ट लिहिलंय.

पाचव्या शतकात पाली भाष्यकार बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात करुणेचे दोन शत्रू सांगितले. दूरचा शत्रू क्रूरता, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू शोक. तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून फसवतो. दारात रुमाल लावून उभा असलेला मी, तो हाच.

आपल्या चळवळीतल्या काही मित्रांना करुणा हा शब्दच मवाळ वाटतो. त्यांचा राग मला कळतो. दयेच्या नावाखाली वरून टाकलेली शिळी भाकर आपल्या आज्यांनी खाल्लेली आहे. पण बाबासाहेबांनी प्रज्ञा आणि शीलासोबत करुणा ठेवली, आणि तिथेही न थांबता पुढे मैत्री सांगितली. माणसांवरचं प्रेम ती करुणा, सर्व प्राणिमात्रांवरचं ती मैत्री. यात देणारा उंचावर आणि घेणारा खाली, असं कुठे आहे?

आणि हो, सेवा करायला अवघड रुग्ण कोण, याचीही यादी महावग्गात आहे! पथ्य पाळत नाही, औषध घेत नाही, दुखणं खरं सांगत नाही, वगैरे. आमचे बाबा त्यात तंतोतंत बसायचे. गोळी गालात दाबून ठेवायचे आणि आत्याची पाठ वळली की उशीखाली. आत्याला यातलं पाली एक अक्षर येत नाही. ती उशी उचलायची, "दादा, अजून लहान हायेस का तू?" म्हणून ओरडायची, आणि नवी गोळी चमच्यात कुटून द्यायची. शेवटच्या दीड महिन्यात पाणी ओतायला मी असायचो.