भाव एकच, महागाई वेगवेगळी: एका प्रतिक्रियेला उत्तर

गाव, शहर, मजूर अशा वेगवेगळ्या गटांची महागाई वेगवेगळी कशी मोजतात, यावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय, "कपिलतीर्थ मंडईत टोमॅटो सगळ्यांना एकाच भावानं मिळतो, मग महागाई माणसागणिक वेगळी कशी? पंख्याखाली बसून आकडे जुळवणाऱ्यांना बाजार काय कळणार?" पुढं पेट्रोल, शाळेची फी आणि सरकार यांवरही बरंच आहे.

मतभेदाला माझी हरकत नाही. पण ही भाषा कशासाठी? उद्यमनगरात फौंड्रीच्या भट्टीसमोर उभं राहून वडिलांनी आम्हाला वाढवलं. लक्ष्मीपुरीतून महिन्याचं धान्य आणायचं काम शाळेत असल्यापासून माझ्याकडं होतं. तेव्हा बाजार मला शिकवू नका. लेख आकड्यांनी जड झाला, एवढं मान्य.

आता टोमॅटो. भाव एकच असला तरी घरखर्चातला वाटा एकसारखा नसतो, आणि महागाई मोजणारा ग्राहक किंमत निर्देशांक काढताना प्रत्येक भाववाढीला त्या वाट्यानं गुणतात. या वाट्यालाच भार म्हणतात. २०१२ पायाभूत वर्षाच्या, म्हणजे २०१२ च्या भावांशी तुलना करणाऱ्या मालिकेत खाण्यापिण्याचा भार ग्रामीण निर्देशांकात ५४.१८ टक्के होता, शहरी निर्देशांकात ३६.२९. म्हणजे फक्त खाणंपिणं १० टक्क्यांनी महागलं, तरी गावाची महागाई साधारण ५.४ टक्के निघते आणि शहराची ३.६. १९८६-८७ च्या पायावरच्या शेतमजुरांच्या निर्देशांकात तर एकट्या अन्नाचा भार ६९ टक्के होता. ज्याची निम्म्याहून जास्त मजुरी पोटातच जाते, त्याला "भाव सगळ्यांना सारखाच" म्हणून दाखवा.

यावर लोकांचे पैसे ठरतात हो! केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावरून निघतो. माझ्या वडिलांची पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या कामगारांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेची. ती कुठल्याच निर्देशांकाला जोडलेली नाही, आणि किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. त्यांचा मोठा खर्च औषधं आणि दवाखाना. पण त्याच २०१२ च्या मालिकेतल्या गाव-शहर मिळून काढलेल्या एकत्रित निर्देशांकात आरोग्याचा भार फक्त ५.८९ टक्के होता. निवृत्तांसाठी वेगळा अधिकृत निर्देशांक आपल्याकडं नाही. तो हवा, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि नेमकं तेच तुम्ही वाचलेलं दिसत नाही.

पेट्रोल, फी आणि सरकार यांवर इथं बोलत नाही. लेखाचा तो विषय नव्हता.