सेकंड गिटार

आज संध्याकाळी भाचीच्या साखरपुड्याची बैठक होती. हॉल ठरला, जेवण ठरलं, सोलकढी की ताक यावर अर्धा तास गेला, आणि मग संगीताचा विषय निघाला. भाचीने दोन मुलं सुचवली होती. दोघंही पंचविशीच्या आतले. साध्या लाकडी गिटारी घेऊन समोरासमोर बसतात, गात नाहीत, फक्त वाजवतात. मी पणजीत एकदा ऐकलंय त्यांना. जीव ओतून वाजवतात पोरं. तर कार्यक्रमाची व्यवस्था बघणारा माणूस म्हणाला, "दोन गिटारवाले कशाला, मॅडम? एकालाच बोलवू. सेकंड गिटार मशीनवर येते. तेवढेच पैसे वाचतील. कोणाला कळतंय?"

पाहुणेमंडळी समोर होती म्हणून मी तोंड मिटून बसले. फोंड्याला घरी येईपर्यंतही मिटूनच होतं. आता नाही राहवत.

मला कळतं. माझ्या बाबांना कळायचं, आणि त्यांनी उभ्या आयुष्यात गिटारीला हात लावला नव्हता. देवळात भजनाला पेटीची साथ करणारा माणूस. केसरबाईंच्या गाण्यावर जीव टाकणारा. त्यांची पोस्टातली बदली मडगावला झाली तेव्हा मी आठवीत होते, १९८६ साल. आम्ही राय गावात भाड्याने राहायचो. शेजारच्या घराला मोठं बाल्कांव होतं, म्हणजे दारापुढची पडवी, दोन्ही बाजूंना सोपे, म्हणजे बसायचे बांधीव बाक, आणि त्यातल्या एका सोप्यावर रोज संध्याकाळी शेजारचे अंकल गिटार घेऊन बसायचे. लहानपणी चर्चच्या शाळेत मेस्ताकडे, म्हणजे संगीताच्या मास्तरांकडे, सोलफेज शिकलेले, सुरांची लिपी वाचून गायला. त्यांच्या वाजवण्यात एक विचित्र गोष्ट होती. चार मात्रा वाजवायचे आणि थांबायचे. पुन्हा दोन मात्रा, पुन्हा थांबायचे. सूर पुढे जातोय असं वाटायचं आणि मध्येच खड्डा पडायचा. मला वाटायचं, यांना येत नाही.

त्यांचा जोडीदार तारवटी होता, चुलतभाऊच. वर्षातले नऊ-दहा महिने बोटीवर. अंकल जे वाजवायचे तो त्या दोघांच्या वाजवण्याचा अर्धा भाग होता, आणि खड्डे होते ते तारवट्याचे. ती जागा अंकलनी कधी स्वतः भरली नाही. दहा-दहा महिने रिकामी ठेवली.

यावर तो व्यवस्थावाला म्हणेल, मशीन भरून देते की.

थांबा, आधी फेस्ताचं सांगते. राय गावातलं कणसांचं फेस्त ५ ऑगस्टला असतं, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. तारवटी शक्यतो तेव्हाच रजा धरायचा. त्या वर्षी रात्री धो धो पाऊस होता आणि वीज गेलेली. आम्हाला बोलावणं होतं. बाबा नको-नको करत आले, एका छत्रीत आम्ही दोघं. अंकलनी आतल्या कपाटातून गिटार काढली. त्या कपाटात गिटारीसाठी एक छोटा पिवळा बल्ब बारा महिने चालू असायचा, गोव्यातल्या दमटपणाने लाकूड फुगू नये म्हणून. त्या रात्री वीज नव्हती, पण लाकडाला अजून ऊब होती. मी हात लावून बघितलेलं आठवतं.

दोघांनी गिटारी लावायलाच वीस-पंचवीस मिनिटं घेतली. पाचव्या पट्टीवर तारेला बोट नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, आणि छेडायचं. घंटीसारखा बारीक सूर निघतो. मग शेजारच्या तारेवर सातव्या पट्टीवर तसाच सूर काढायचा. दोन्ही सूर एकत्र सोडले की तारा जुळलेल्या नसतील तर आवाजात लाटा येतात. खुंटी फिरवत जायचं, लाटा लांबत जातात आणि एका क्षणी विरून जातात. हे आधी एका गिटारीवर, मग दुसऱ्या गिटारीवर, मग दोन्ही गिटारींचं आपसात. कंटाळतील म्हणून मी बाबांकडे बघितलं, तर ते पुढे सरकून बसले होते. तंबोरे लागताना बसायचे तसे.

मग त्यांनी मांडो वाजवला, आमच्या गोव्यातला कोंकणी गीतप्रकार. मांडो दोन आवाजांत गातात, वरचा आवाज आणि त्याच्या खालून चालणारा दुसरा. अंकल त्याला 'सेकंड' म्हणायचे. तारवट्याकडे वरचा, अंकलकडे सेकंड. मंद लय, पत्र्यावर पाऊस. आणि कडव्याच्या मध्यावर तारवट्याची पहिली तार तुटली. टणकन आवाज झाला, अंधारात आम्ही सगळे दचकलो. दोन मात्रा, फार तर तीन, काही ऐकू आलं नाही. आणि मग वरचा सूर पुन्हा सुरू झाला, पण डावीकडून. अंकलच्या गिटारीतून! सेकंड उजवीकडून, तारवट्याच्या उरलेल्या पाच तारांवरून. कोणी कोणाला हाक मारली नाही. अंधारात एकमेकांचं तोंडही दिसत नव्हतं.

म्हणजे अंकलना वरचा भाग पहिल्यापासून येत होता. तरी ते सेकंड वाजवायचे.

घरी येताना छत्रीत बाबा एवढंच म्हणाले, "तार तुटली तेव्हा त्याने लय किंचित खाली घेतली, तुझ्या लक्षात आलं का? दुसऱ्याला बोटं बदलायला वेळ मिळावा म्हणून." माझ्या लक्षात आलं नव्हतं. पेटीवाल्याच्या आलं होतं. आता सांगा, तुमच्या मशीनवरचं लूप, तो भरून ठेवलेला तुकडा, लय खाली घेतं का? ते एकदा पायाने दाबलं की तेच तेच वाजत राहतं. समोरच्याची तार तुटो, श्वास चुको, डोळ्यांत पाणी येवो, त्याला पत्ताच नसतो. त्याच्यावर वाजवणारा मुलगा त्याच्या मागून फरफटत जातो. आणि तुम्ही पाहुण्यांना सांगणार, 'ड्युएट' आहे म्हणून. ही फसवणूक आहे. मला दुसरा शब्द सुचत नाही.

मशीनवर चांगलं वाजवणारेही आहेत, त्याला कसब लागतं, मान्य. पण तो एकट्याचा खेळ आहे. त्याला तसं म्हणा.

तारवट्याने पुढच्या वर्षी एक कॅसेट आणली, 'फ्रायडे नाईट इन सॅन फ्रान्सिस्को'. ५ डिसेंबर १९८०, शुक्रवार, तिथल्या वॉरफिल्ड थिएटरातली मैफल. पाको दे लुसिया, अल दि मिओला आणि आपल्या झाकीरभाईंबरोबर 'शक्ती' या बँडमध्ये वाजवलेले जॉन मॅक्लॉफ्लिन. गिटारवाले तिघे, पण कॅसेट उघडते ती दोघांवर, पाको आणि दि मिओला. एक नुसत्या बोटांनी वाजवणारा, दुसरा पिकने, बोटांत धरायच्या छोट्या नखीने. एकाची लकेर संपते न संपते तोच दुसरा तिला उत्तर देतो, लोक मध्येच ओरडतात, आणि ओरडणं थांबायच्या आत पुढची लकेर आलेली असते. मी तेव्हा नववीत. मला पळतंच सुटावंसं वाटलं होतं.

पण अंकलच्या टेपरेकॉर्डरचा उजवा स्पीकर बंद होता. त्या ध्वनिमुद्रणात पाको डावीकडे आहे आणि दि मिओला उजवीकडे. त्यामुळे सगळं वर्ष आम्ही मुख्यतः पाकोच ऐकला. उजवीकडचा माणूस लांबून, भिंतीपलीकडून वाजवल्यासारखा यायचा. पुढच्या खेपेला तारवट्याने दोन धडधाकट स्पीकरांचा नवा टेप आणला. अंकल खुर्चीवरून उठले आणि दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये फरशीवर मांडी घालून बसले. कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "आतां पुराय जालें." आता पूर्ण झालं.

तेव्हापासून मी अशा जोड्या शोधून शोधून ऐकत आले. ज्युलियन ब्रीम आणि जॉन विल्यम्सच्या १९७१ आणि १९७४ च्या रेकॉर्ड. एकाचा स्वभाव रंग भरण्याचा, दुसऱ्याचा हात काटेकोर, आणि दोघं एकत्र आले की कोण कुठे संपतो ते शोधत बसावं. इडा प्रेस्ती आणि अलेक्झांडर लागोया हे नवरा-बायको, पॅरिसचे. ती १९६७ साली गेली, अवघी ४२ वर्षांची. त्यांचं वाजवणं ऐकताना एकाच माणसाला चार हात आहेत असं वाटतं. आणि हल्लीचे रोद्रिगो आणि गाब्रिएला, मेक्सिकोचे, धडाडत्या हेवी मेटलमधून आलेले, डब्लिनच्या रस्त्यांवर वाजवून वर आले. त्या गाब्रिएलाचा उजवा हात बघा एकदा. गिटारीच्या लाकडावर थापा मारत, तारा छेडत सगळा डोलारा ती पेलते. तिला म्हणून दाखवा, सेकंड गिटार मशीनवर येते म्हणून!

पाको २०१४ च्या फेब्रुवारीत गेला, तिकडे मेक्सिकोत. मी अंकलना फोन केला. त्याच्या नावाची गोष्ट मला तेव्हाच वाचायला मिळाली होती, ती त्यांना सांगितली. खरं नाव फ्रान्सिस्को सांचेझ, आई लुसिया, मूळची पोर्तुगीज. गल्लीत पाको पुष्कळ, म्हणून हा लुसियाचा पाको. अंकल म्हणाले, आपल्याकडेही असंच सांगतात, अमकीचा तमका. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. तारवटी त्याच्या पाच वर्षं आधी गेला होता. मला वाटलं होतं, आता तरी अंकल वरचा भाग वाजवत असतील, येतो ना त्यांना. पण फोनवर त्यांनी वाजवून दाखवला तो सेकंडच. चार मात्रा, मग जागा. दोन मात्रा, मग जागा. मी कानाला फोन लावून त्या जागांमध्ये वरचा सूर मनात म्हणत होते. मला तो सगळा पाठ होता, हे मलाच तेव्हा कळलं.

हे लिहिता लिहिता माझा राग उतरला होता, पण त्या माणसाचं "कोणाला कळतंय" आठवलं की पुन्हा चढतो. आपल्या गोव्यात हे बोलावं? जिथे गावागावात पोरांना चर्चच्या शाळेत सुरांची लिपी शिकवली, जिथे देवळाच्या चौकात पेटी-तबल्याची साथ ऐकत पोरं झोपी गेली, तिथे? साथ म्हणजे काय हे आम्हाला कोणी इव्हेंटवाल्याने सांगावं? रात्री दहा वाजले की उघड्यावर नियमाने यांचे स्पीकर बंद करावे लागतात, मग पाहुणे खुर्च्या सरकवतात. दोन लाकडी गिटारींना स्पीकरच लागत नाही. 

पैशाचं म्हणाल तर खर्च वाढतो, खरं आहे. दुसऱ्या मुलाचं मानधन मी देणार आहे. भाचीला मघाशी फोन करून सांगितलं, आणि त्या व्यवस्थावाल्यालाही. तो म्हणाला, "तुमची मर्जी." हो, माझीच मर्जी.

मग रायला फोन लावला. अंकल आता चौऱ्याऐंशीचे आहेत. बोटं आखडलीत, पण कपाटातला बल्ब अजून चालू आहे. त्या दोन मुलांना रविवारी सरावाला तुमच्याकडे घेऊन येऊ का, असं विचारलं. येयात, येयात, म्हणाले. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, दोघांतला सेकंड कोण वाजवतो? मी म्हटलं, मला नाही माहीत, विचारून सांगते.

"विचार," म्हणाले. "आनी ताका म्हजे कुशीक बसय." त्याला माझ्या शेजारी बसव, म्हणे.