अ‍ॅस्पिरिनला ‘सौम्य पर्याय’ म्हणू नका

‘वयस्कर रुग्णाला रक्तस्रावाची भीती असेल तर अ‍ॅस्पिरिनवर भागवता येतं’ हे एट्रियल फिब्रिलेशनवरच्या (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या आजारावरच्या) लेखातलं वाक्य फार खटकलं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते, तिथे अ‍ॅस्पिरिन फारसं उपयोगी पडत नाही. ज्यांना वॉरफरिन हे गुठळी रोखणारं जुनं औषध देता येत नव्हतं अशा रुग्णांवरची अ‍ॅव्हेरॉस चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात अ‍ॅपिक्सबॅनवर (हेही गुठळी रोखणारं, पण नवं औषध) पक्षाघात किंवा शरीरात इतरत्र गुठळी अडकण्याचं प्रमाण वर्षाला १.६ टक्के होतं, अ‍ॅस्पिरिनवर ३.७. आणि मोठ्या रक्तस्रावात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. मग सौम्य कशाला म्हणायचं?

माझ्या आईने दात घासताना फेस गुलाबी दिसला म्हणून अ‍ॅपिक्सबॅन परस्पर बंद केलं होतं. डबीतल्या गोळ्या मोजल्या तेव्हा आम्हाला कळलं, पोटात गोळाच आला. या गोळीचा असर दोन-तीन दिवसांतच उतरतो आणि पक्षाघाताचा धोका परत येतो. डॉक्टरांनी ती लगेच पुन्हा सुरू केली. बंद केली ती डायक्लोफिनॅक, रक्तस्राव वाढवू शकणारी वेदनाशामक गोळी, जी आई गुडघ्यांसाठी मनानेच घेत होती! रक्तदाबही आटोक्यात आणला. हिरड्यांतून रक्त येणं थांबलं. लेखात वेदनाशामकांबद्दल एक ओळही नाही, ती कृपया घाला.