आमवाताची गोळी 'कॅन्सरची' म्हणून बंद करू नका

पंचवटीतल्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपपासून दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांपर्यंत सध्या आमवाताच्या, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, गोळीबद्दल एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: 'आमवाताला डॉक्टर मेथोट्रेक्सेट ही कॅन्सरची गोळी देतात. लिव्हर जातं. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणजे फसवणूक. एकदा लागली की मरेपर्यंत सुटत नाही. त्यापेक्षा आमचं चूर्ण घ्या, तीन दिवसांत दुखणं बंद.' माझं पंचवटीत मेडिकल आहे. हा मेसेज वाचून गोळ्या परत करायला दोघीजणी आल्या, म्हणून लिहायला बसले.

कॅन्सरची गोळी? औषध तेच आहे, हे खरं. पण काही कॅन्सरमध्ये ते सलाइनमधून एका वेळी हजारो मिलिग्रॅमपर्यंत देतात. आमवातात साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, तेही आठवड्याला. एवढ्या थोड्या मात्रेत ते आपल्याच सांध्यांवर उलटलेली प्रतिकारशक्ती आवरतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं आमवातासाठी त्याला १९८८ मध्येच मंजुरी दिली.

या गोळीत खरा धोका आहे तो वेगळाच, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. बीपीच्या गोळीसारखी कोणी रोज घेतली, तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. द्राक्षाच्या विरळणीला जाणाऱ्या एक मावशी चिठ्ठी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ताई, रोज एक ना?" मी मार्करनं पाकिटावर मोठ्ठं 'फक्त बुधवार' लिहिलं आणि त्यांच्या सुनेलाही फोनवर सांगितलं. सोमवार त्यांनीच नको म्हटलं, उपास असतो. गोळी जेवून घेतलेली बरी, म्हणून वार ठरवताना उपास बघावाच. सोबत फॉलिक ॲसिड लिहून देतात, ते बहुधा वेगळ्या दिवशी. त्यानं मळमळ आणि तोंड येणं कमी होतं. ते 'नुसतं व्हिटॅमिन' म्हणून टाळू नका.

लिव्हरचं म्हणणं निराधार नाही. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला त्रास होतोय का ते दाखवणारा रक्तातला आकडा, वाढू शकतो. म्हणूनच सुरू करण्याआधी रक्त तपासतात, बऱ्याचदा कावीळ बी-सीची तपासणी आणि छातीचा एक्स-रेही करतात. पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, पुढे दोन-तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तातल्या पेशी), एसजीपीटी, क्रिएटिनिन (किडनीसाठी) बघतात. वाढ दिसली तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध थांबवतात. या तपासण्या चुकवू नका. दारू शक्यतो बंदच. आपल्याकडे 'वाइन द्राक्षाचीच' असं म्हणतात, पण लिव्हरला तीही दारूच.

पंधरा दिवसांच्या मुद्द्यानं सगळ्यात जास्त नुकसान होतं. या औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. सुरुवातीला सकाळी तासभर बोटं आखडलेलीच राहतात, वर गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळ, अंग गळून गेल्यासारखं. म्हणजे त्रास आधी, आराम नंतर. माणूस नेमका याच काळात खचतो आणि नेमका तेव्हाच हा मेसेज हातात पडतो. मधल्या आठवड्यांसाठी डॉक्टर बऱ्याचदा कमी मात्रेत स्टेरॉइड देऊन ते हळूहळू उतरवतात. मळमळ फार होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घेता येईल का, की इंजेक्शन चालेल, हे त्यांना विचारा. न सांगता बंद करू नका. आत सूज चालूच राहिली तर हाडं झिजतात, अनेकांची पहिल्या एक-दोन वर्षांतच. झिजलेलं हाड पुन्हा भरून येत नाही.

मरेपर्यंत सुटत नाही? गोळीची सवय लागत नाही. आजार बरीच वर्षं राहतो, म्हणून औषधही बरीच वर्षं चालतं. आजार दीर्घकाळ शांत राहिला तर डोस उतरवतात. मूल हवं असेल तर मात्र आधीच सांगा. गरोदरपणात हे औषध अजिबात चालत नाही. ते आधीच थांबवावं लागतं आणि त्याऐवजी दुसरी औषधं देतात.

आणि ते चूर्ण. तीन दिवसांत सांधे मोकळे करणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. चेहरा गरगरीत होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरही स्टेरॉइड देतात, पण सांगून, मोजून, उतरवत. पुडीत किती आहे ते कोणाला ठाऊक? बरेच दिवस घेत असाल तर ती एकदम सोडणंही धोक्याचं. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

ताप, कोरडा खोकला, दम लागणं, तोंडात फोड किंवा अंगावर काळे-निळे डाग दिसले तर पुढच्या वाराची वाट न बघता लगेच दाखवा. लघवीच्या इन्फेक्शनला कोणी कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे आधी सांगा. ही जोडी घातक ठरू शकते. समजा तुमचा वार बुधवार आहे आणि गोळी राहिली, तर दोन दिवसांच्या आत घेता येते. त्यानंतर आठवलं तर थेट पुढचा बुधवार, आणि त्या दिवशीही एकाच वेळची, दुप्पट नाही.